देवीच्या हद्दीखालची कोंड

मार्च उलटला की आमच्या गावाजवळ सावित्री नदी वाहायची थांबायची. पात्रभर गोटे उघडे पडायचे, मधून पाण्याची एखादी रेघ सरकत असायची, आणि खरं पाणी उरायचं ते कोंडींमध्ये. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. आमच्या गावाच्या वाट्याला अशा दोन कोंडी आल्या होत्या. वरची देवीची. तिच्या काठाला देऊळ, देवळामागे राखलेलं दाट रान आणि पाण्यात हातभर लांबीचे खडशी मासे. लोक कुरमुरे टाकायचे, मासे एकमेकांच्या पाठीवर चढून तोंडं वर काढायचे. त्यांना कुणी हात लावत नसे. खालची कोंड आमच्या बौद्धवाडीला लागून. तिला नाव नव्हतं. गावातले लोक तिला ‘खालची’ म्हणत, आम्ही नुसतं ‘कोंडीवर जाते’ म्हणायचो. दोन्हींच्या मध्ये नदीवर वाकलेली एक जुनी जांभूळ होती. देवीची हद्द त्या जांभळीपर्यंत, असं सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे बाबा शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळा सुटली की ते घरी येऊन टोपी खुंटीला लावायचे आणि उन्हाळा असला तर कोंडीवर जाऊन बसायचे. गळ नाही, जाळं नाही, नुसते बसायचे. कधी मला बरोबर न्यायचे. वाम कपारीतून तोंड कसं बाहेर काढते, मरळ आपल्या पिल्लांच्या घोळक्याखाली कशी फिरते, काठावरच्या शेरणीच्या झुडपांत खंड्या कुठं बसतो, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. ते फार बोलत नसत. एकदा मी विचारलं, “बाबा, हे सगळे मासे पावसात कुठं जातात?” त्यांनी समोरच्या भाताच्या खाचरांकडे हात केला. “पुराबरोबर वर चढतात. खाचरांत, वहाळांत, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. तिथं अंडी घालतात. पाणी ओसरलं की परत येतात. देवीचे खाली येतात, आपले वर जातात. पावसात काही हद्द नसते.”

घरात आम्ही तिघं आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. तिचा मुलगा मुंबईत गिरणीत होता, म्हणून ती आमच्याकडे राहायची. हाडापेरानं मजबूत, बोलायला तिखट. आमच्या वाडीनं धर्म बदलला तेव्हा घरोघरचे देव गोळा करून ज्या दुरडीतून नेले ती दुरडी तिच्या डोक्यावर होती. देव तिनं कोंडीत सोडले, आणि मागं वळून पाहायचं नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतानाही वळून पाहिलं, असं ती स्वतःच सांगायची. “बुडले,” एवढंच म्हणायची.

मी सातवी-आठवीत असेन. भर दुपारी आम्ही बायामुली कोंडीवर धुणं धूत होतो. रस्त्याच्या कामावरची चार माणसं खाली उतरली. त्यांतल्या एकानं आम्हाला हातानं लांब व्हायला सांगितलं. आम्ही कपडे उचलून दगडांमागे सरलो तोवर त्यानं तोटा पेटवून पाण्यात फेकला. तोटा म्हणजे दगड फोडायच्या सुरुंगाची कांडी. आवाज झाला तो कानांपेक्षा पायांना जास्त कळला. पाणी आधणासारखं उसळलं आणि मग सगळी कोंड पांढरी झाली. माशांची पोटं वर आली होती.

त्या माणसांनी मोठे मासे पोत्यात भरले आणि ते निघून गेले. लहान मासे तसेच राहिले, बोटाएवढे, नखाएवढे, काठाला फडफडत. बायांनी ते ओच्यात भरून घेतले. माझ्या आईनंही घेतले. मीही.

संध्याकाळी ताटात कालवण आलं तेव्हा बाबांनी विचारलं, “कुठले हे?”

आई म्हणाली, “कोंडीतले. बार टाकला कुणीतरी. आता मेलेलेच होते, टाकून द्यायचे का?”

बाबांनी ताट सरकवलं नाही. भाकरी मिठाशी खाल्ली, कालवणाला शिवले नाहीत. आम्ही खाल्लं. चवीला ते चांगलं होतं, हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची धावपळ सुरू झाली. ते एसटीनं महाडला गेले, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. मासे एका खात्याचे होते, नदी दुसऱ्या खात्याची, काठावरची झाडं तिसऱ्याची, आणि सुरुंगाचा विषय पोलिसांचा. प्रत्येक जण सभ्यपणे बोलला. एकानं तर खुर्ची दिली आणि म्हणाला, “गुरुजी, तुमची कळकळ समजते, पण बार टाकताना माणूस सापडायला हवा. तुम्ही पकडून आणा, आम्ही कारवाई करतो.” बाबा घरी आले आणि आत्याला म्हणाले, “मी पकडू? मी?” त्यांचं वजन तेव्हा माझ्या आईपेक्षा कमी होतं. आत्या हसली. बाबाही हसले, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

मग ते गावकीत गेले. देवळाच्या पारावर गावातली जाणती मंडळी बसत. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, नदीकाठची बहुतेक शेती त्यांची. आवाज न चढवता बोलायचे आणि त्यांचा शब्द गाव मानायचं. बाबा पाराखाली उभे राहिले, म्हाताऱ्यांनी बसा म्हटल्यावर पायरीवर बसले. मी बरोबर होते, हात धरून.

बाबा म्हणाले, “देवीच्या कोंडीत मासे मारत नाहीत, तीच बंदी खालच्या कोंडीलाही लावावी. मासे दोन्हीकडचे एकच आहेत. खालचे संपले तर वरचेही संपतील.”

म्हाताऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. “गुरुजी, तुमचं खरं हाय. पन देवीची हद्द जांभळीपर्यंत. त्याच्या खाली देवी नाय.”

“देवी नसली तरी माणसं आहेत ना?”

“मानसाचं कोन ऐकतो, गुरुजी?” ते मनापासून म्हणाले. “ह्या वरच्या कोंडीत मासं हायत ते माझ्या धाकानं नाय ऱ्हायलेले. देवीच्या धाकानं ऱ्हायलेत. तुमी एक करा. तुमच्या कोंडीवर एक दगूड मांडा. शेंदूर लावा. वर्साला एक नारळ फोडा. कोन हात लावनार नाय.”

बाबा उठले. “आम्ही देव सोडले, तुम्हाला माहीत आहे,” एवढंच म्हणाले.

“माहीत हाय. म्हनून तर सांगतो. ज्याच्यात्याच्या हातात असतं.”

परत येताना बाबा जांभळीपाशी थांबले. मग चप्पल झटकून पुढं निघाले.

घरी आत्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “म्हातारा खोटं नाय बोलला. मांड दगूड.”

“अक्का, तू हे म्हणतेस?”

“मी नाय तर कोन? देव मी मानते का? माझ्या डोक्यावरनं नेले, मीच बुडवले. दगूड म्हंजे दगूड. पन लोकान्ला तो दिसला की त्यांचा हात मागं जातो. तुला तेवढंच पायजे ना? मी देव मांडत नाय, धाक मांडते.”

“धाकाला हात जोडायची सवय लागते,” बाबा म्हणाले. “आज दगड, उद्या नारळ, परवा कोंबडं. माझी पोरगी त्याच्यापुढं वाकायला शिकेल.”

“मासं तरी जगतील.”

बाबा उठून अंगणात गेले आणि बराच वेळ काही काम नसताना तिथंच फिरत राहिले.

त्यांनी आपल्या परीनं तिसरा मार्ग काढला. पौर्णिमेला समाजमंदिरात वंदना झाल्यावर त्यांनी वाडीसमोर विषय मांडला. गळानं मारा, टोपलीनं मारा, घरापुरतं मारा, पण बार नको, विष नको. बाहेरचा कुणी आला तर सगळ्यांनी मिळून अडवायचं. बायांनी आधी होकार दिला, मग पुरुषांनी. बाबांनी पत्र्यावर स्वतः रंगानं पाटी लिहिली. ‘या कोंडीत बार टाकू नये. मासे मारायचे असल्यास गळाने मारावेत.’ ती करंजाच्या झाडाला ठोकली. अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं गोल आणि ठळक. त्यानंतर एकदा बार टाकणारे आले, तेव्हा सगळ्या वाडीतल्या बाया कोंडीत उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि ते परत गेले. आत्या सगळ्यांत पुढं होती.

दोन-तीन उन्हाळे बरे गेले. कोंडीत खडशी दिसायला लागले, देवीच्या कोंडीतल्याएवढे नव्हेत, पण दिसायला लागले. आणि एका पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं. काही न बोलता कोंडीवर नेलं, उंबराच्या मुळांआड बसवलं. समोरच्या सपाट कातळावर पाणमांजर होतं. ओलं, तुकतुकीत. त्याच्या मागं दोन पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. मादीनं मासा डोक्याकडून कुरकुर चावत खाल्ला आणि उरलेला पिल्लांपुढं टाकला. बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथं लाल वळ उठला. परत येताना ते म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. मासे आहेत म्हणून ती आली. माणसांना कळलं तर जातील.” मी कुणाला सांगितलं नाही. त्याएवढं सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, तरीही.

मी महाडला कॉलेजात जायला लागले त्या सुमारास मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. आत्याचा मुलगा बायको आणि दोन लेकरं घेऊन ट्रंकेसकट आमच्या दारात उतरला. मुंबईत बारा-तेरा वर्षं काढलेला माणूस, बोलण्यात हिंदी मिसळलेली, पायांत बूट. पहिले दिवस तो ओटीवर नुसता बसून असायचा. मग पलीकडच्या दगडाच्या खाणीवर जायला लागला. बूट ट्रंकेत गेले.

त्या उन्हाळ्यात बाबांना त्याच्या पिशवीत तोटे दिसले.

“हे कशाला आणलेस?”

“कशाला आनतात, मामा? सगळे आनतात.”

“वाडीनं ठरवलंय, बार नाही टाकायचा.”

“वाडीनं ठरवलं तवा मी गिरनीत होतो. मला कुनी इचारलं?”

“तुझी पोरं उपाशी आहेत का? इथं जेवतायत ना सगळी?”

“तुमच्या ताटात जेवतायत,” तो म्हणाला. “तेच तर.” आणि पिशवी उचलून आत गेला.

आत्या चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भाकरी थापत राहिली.

दोन दिवसांनी दुपारी आवाज आला. बाबा शाळेत होते. थोड्या वेळानं आत्याचा मुलगा ओला होऊन आला आणि एक मोठा खडशी त्यानं ओटीवर ठेवला. रुपयाएवढे खवले, सोनेरी झाक, कल्ला अजून हलत होता. “मामांच्या घरासाठी,” म्हणाला. बाकीचे मासे तो पोलादपूरच्या बाजारात घेऊन गेला. आत्यानं मासा उचलून आत नेला. तिनं कुणाकडेही पाहिलं नाही.

बाबा आले, त्यांना कळलं. भाच्याला ते काय बोलणार होते? तो त्यांच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, आणि ती बहीण त्यांच्याच घरी. त्यांनी मला फक्त “चल” म्हटलं. आम्ही कोंडीवर गेलो. मेलेले लहान मासे पाण्यावर पानगळीसारखे पसरले होते. कातळाशेजारच्या गोट्यांत मोठं पाणमांजर पडलं होतं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, नुसतं तोंड उघडं. पिल्लं दिसली नाहीत, जिवंतही नाहीत आणि मेलेलीही.

बाबा वाळू हातानं उकरायला लागले. मीही बसले. थोड्या वेळानं मागून पावलं वाजली. आत्याचा मुलगा होता, फावडं घेऊन. त्यानं खड्डा खणला, खोल खणला, आणि प्राणी आपल्या हातांनी आत ठेवला. परत निघताना बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला तेव्हा बाबांचा राग आला. आज येत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी कोंडीच्या काठाला, बरोबर पाटीच्या खाली, एक उभा दगड दिसला. शेंदूर ओला होता. पुढं दोन जास्वंदीची फुलं.

वाडीत गलका झाला. कुणी म्हणे गावातल्यांनी मांडला, कुणी म्हणे खाणीवरच्यांनी. बाबा घरी आले. आत्या तांदूळ निवडत होती. त्यांनी तिच्या नखांकडे पाहिलं. नखांत शेंदूर होता. तिनं हात लपवले नाहीत.

“काढू का?” बाबांनी विचारलं.

“तुझ्या मनानं काढ. पन आधी बघ, काय होतं ते.”

काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. खाणीवरचे लोक कोंडीकडे फिरकले नाहीत. आत्याच्या मुलानंही पुन्हा तिथं तोटा टाकला नाही. मी एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, “आईनं मांडलाय, मला ठाव हाय गो. नदीतनं उचलताना बघितलंय मी तिला. तरी हात उचलत नाय.”

पाऊस गेला, पूर गेला, दुसरा उन्हाळा आला आणि कोंड माशांनी भरली. बाबा रोज जात, पण दगडाकडे पाठ करून बसत. वाडीत कुजबुज वाढली होती. ‘गुरुजींच्या राज्यात देव उगवला’ असं एका तरुणानं समाजमंदिरात उघड म्हटलं. बाबांनी ते ऐकून घेतलं. बहिणीचं नाव त्यांनी घेतलं नाही. दगड काढतो असंही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, आपल्याच मनाविरुद्ध गप्प बसलेलं, आणि त्या गप्प बसण्याचं फळ डोळ्यांसमोर पोहत असलेलं.

मग एका दुपारी गावातले ते म्हातारे आमच्या दारी आले. बरोबर दोघं होते. ओटीवर बसले. आईनं चहा ठेवला, तेव्हा म्हणाले, “नको, आत्ताच झाला,” जसे ते नेहमी म्हणायचे.

“गुरुजी, गावाचं एक म्हननं हाय. चांगलंच हाय. खालच्या कोंडीवर देवी प्रगटली.”

“प्रगटली नाही,” बाबा म्हणाले.

“ते ऱ्हाऊ द्या. गावानं मान्य केली. आता नारळ, दिवा सगळं आमी बघू. तुमच्यावर बोजा नाय. देवीची हद्द आता हितपत्तर आली, मासं सुरक्षित. तुमच्या मनासारखं झालं.” त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. “फक्त आता बायांनी तिथं धुनं धुवू नये. अंगुळी नको. देवाची जागा झाली ना. खाली उताराला पानी हाय, तिथं जावं.”

उताराला घोट्याएवढं पाणी असायचं आणि त्यात गावाची गुरं बसायची.

बाबा म्हणाले, “म्हणजे आम्ही पाण्याला शिवायचं नाही.”

“तसं कोन म्हनतंय? मी जागेच्या पावित्र्याचं बोलतोय. वरच्या कोंडीत आमच्या तरी बाया धुतात काय?”

“तुमच्या बायांना परड्यात विहीर आहे.”

म्हातारे वाईट नव्हते, आणि त्यामुळेच सगळं अवघड होतं. “गुरुजी, मी भांडायला नाय आलो. पारावर येऊन तुमीच म्हनला होता, मासं वाचवा.”

ते गेल्यावर आत्या आतून आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. “मला एवढं नाय सुचलं रे,” म्हणाली. “मला मासंच दिसत होते.”

बाबा म्हणाले, “पाण्याला हात लावायला आपला बाप महाडच्या तळ्यावर गेला होता. डोकं फोडून घेऊन आला. त्याच्या नातीला मी नदीवरून उठवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोंडीवर गेले. सगळी वाडी आली होती, जांभळीपलीकडे गावातले काही जण उभे होते. बाबांनी सदरा काढून आईच्या हातात दिला, काठाला उतरले, दगड मिठी मारून उपटला. जड होता, त्यांना झेपत नव्हता. आत्याचा मुलगा पुढं झाला आणि दोघांनी मिळून उचलला. वाळूनं घासून बाबांनी शेंदूर धुतला. पाणी बराच वेळ तांबडं वाहत राहिलं. मग धुण्याच्या बाकीच्या दगडांशेजारी त्यांनी तो आडवा घातला.

बाया बघत राहिल्या. पुढं कुणी होईना. आत्यानं आपलं लुगडं भिजवलं, त्या दगडावर टाकलं आणि धोपटायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी अगदी तळाला गेलं असताना, कुणीतरी कोंडीत ब्लिचिंग पावडर ओतली. कुणी ते कधीच कळलं नाही. काही म्हणाले खाणीवरचे, काही म्हणाले गावातले, राग म्हणून. काही हळूच म्हणाले, आपल्यातलेच. आत्याच्या मुलानं आपणहून येऊन आपल्या आईच्या पायाला हात लावून सांगितलं, मी नाय. ती म्हणाली, मला ठाव हाय.

बारात निदान कपारीतलं काही वाचायचं. या वेळी काही वाचलं नाही. खडशी, वाम, मरळ, शिंगाळे, झिंगे, बेडूक, गोगलगायी, पाण्यातले किडे, सगळं वर आलं. शेरणीची झुडपं काठाला पिवळी पडली. खंड्या दोन-तीन दिवस फांदीवर येऊन बसला, पाण्याकडे पाहत राहिला आणि मग यायचा बंद झाला. डोळ्यांत चुरचुरणाऱ्या त्या वासामुळे धुणं आपोआपच बंद झालं. ज्या पाण्यासाठी बाबांनी दगड काढला, त्या पाण्याला आता कुणीच हात लावत नव्हतं. बाबा धोतर वर खोचून टोपल्यांनी मेलेले मासे बाहेर काढत होते. मी म्हटलं, “बाबा, पूर येईल तेव्हा वाहून जातील की.” ते म्हणाले, “हो.” आणि काढत राहिले.

पुरात वरच्या कोंडीतले मासे खाली येतील यावर त्यांची भिस्त होती. काही आले. पण खडशी पुन्हा तेवढे दिसले नाहीत. एकदा महाडच्या स्टँडवर ते म्हातारे भेटले. आता काठी घेऊन चालायचे. म्हणाले, “गुरुजी, देवीच्या कोंडीतपन मासं कमी दिसतात हो.” बाबा म्हणाले, “पावसात खाली येतात ते.” म्हातारे मान हलवत राहिले. “हो. तुमी बोलला होता.” दोघं एकाच बाकावर पोलादपूरच्या गाडीची वाट पाहत बसले.

मला महाडमध्येच शाळेत नोकरी लागली. त्या दिवसांत महाडजवळ रसायनांचे कारखाने उभे राहत होते. खालून खाडीकडून वर चढणारे झिंगे आणि वाम कमी झाल्याचं बाजारातल्या बाया बोलायला लागल्या होत्या. आत्याचा मुलगा त्यांतल्याच एका कारखान्यात लागला. पुन्हा पायांत बूट आले. लेकरं शाळेत गेली. आत्या त्याच्याकडे राहायला गेली तेव्हा आमच्या घरातला आवाजच गेला.

एका रविवारी मी घरी आले होते, तोही आला होता. बाबा निवृत्त झाले होते, ओटीवर बसलेले. तो पेढे घेऊन आला होता, नोकरी कायम झाली म्हणून. पेढा हातात देऊन झाल्यावर तो खाली पायरीवर बसला. मग म्हणाला, “मामा, एक सांगू? पानी कुठं सोडतात ते मला म्हाईत हाय. रंगीत पानी. कंपाउंडच्या मागून, गटारातनं, सरळ नदीत. माझ्या डोळ्यांसमोर सोडतात.”

बाबांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“बोललो तर दुसऱ्या दिवशी गेटवर उभा करतील. पोरं लहान हायत. आई हाय. पन तुमाला ठाव नसावं असं मला वाटेना.” त्याचा आवाज बारीक झाला. “काय करू, सांगा. तुमी सांगाल ते करतो.”

मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. इतकी वर्षं कचेऱ्या झिजवलेला, पाट्या रंगवलेला, बहिणीनं मांडलेला दगड आपल्या हातांनी उपटलेला हा माणूस आता काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश गिळला.

“नको बोलूस,” ते म्हणाले. “पोरांचं शिक्षण होऊ दे.”

मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला.